अमेरिकन बिअर पाणचट? घरी चाखून स्वतः ठरवा

प्रागला जाऊन टॅपवरची ताजी पिल्सनर (फिकट सोनेरी, कडवट चेक बिअर) प्यायची, परत येऊन बेसबॉलच्या मॅचला प्लास्टिकच्या ग्लासात बड लाइट घ्यायची आणि निकाल देऊन मोकळं व्हायचं: अमेरिकेला बिअर कळत नाही. हा निकाल मी इतक्यांकडून ऐकलाय की आता वाद घालत बसत नाही. मी न्यू जर्सीत राहतो, घरी बिअर बनवतो आणि कोणी हे बोललं की सरळ ग्लास मांडतो. कसे मांडायचे ते खाली सांगतो. नियम एकच आहे, पण तो काटेकोर पाळायचा: एकाच जातीच्या दोन बिअर, दोन्ही ताज्या, दोन्ही सारख्याच गार आणि कोणती कुठली हे पिणाऱ्याला माहीत नसलेलं.

ही बदनामी आली कुठून ते आधी बघू, कारण त्यात तथ्य आहेच. एकोणिसाव्या शतकात जर्मन ब्रुअर, म्हणजे बिअर बनवणारे, अमेरिकेत आले, तेव्हा इथल्या बार्लीत प्रथिनं जास्त होती. नुसत्या त्या बार्लीची बिअर गढूळ व्हायची. म्हणून त्यांनी तांदूळ आणि मका मिसळायला सुरुवात केली. बिअर स्वच्छ, फिकट, हलकी झाली आणि उन्हाळ्यात लोकांना ती आवडलीही. बडवायझर १८७६ची, त्यात आजही तांदूळ असतो. पुढे १९२० ते १९३३ दारूबंदी. शेकडो लहान ब्रुअऱ्या कायमच्या बुडाल्या. ज्या तगल्या त्या मोठ्या होत्या आणि त्यांना सगळ्या देशाला चालेल अशी एकच चव हवी होती. १९७५मध्ये मिलर लाइट देशभर आली आणि उरलासुरला कडवटपणाही गेला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी अख्ख्या अमेरिकेत शंभर ब्रुअऱ्यासुद्धा नव्हत्या. त्या काळात इथे आलेल्या युरोपियन माणसाने नाक मुरडलं असेल तर ते बरोबरच होतं.

पण १९७८मध्ये जिमी कार्टर यांनी घरी बिअर बनवायला परवानगी देणाऱ्या कायद्यावर सही केली, आणि गॅरेजमध्ये शिकलेल्या लोकांनी पुढे ब्रुअऱ्या काढल्या. आज इथे नऊ हजारांहून जास्त ब्रुअऱ्या आहेत. बदनामी मात्र जुन्याच हिशोबावर चालू आहे.

खरेदी करताना

आधी तारीख बघा, ब्रँड नंतर. बिअर फ्रीजमध्येही म्हातारी होते. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि गंध देणाऱ्या फुलांचा, वास सगळ्यात आधी जातो. अमेरिकन क्राफ्ट कॅनच्या बुडावर बहुतेक वेळा भरल्याची तारीख असते. आयपीए किंवा पेल एल, म्हणजे हॉप्सचा जोर असलेली बिअर, असेल तर दोन महिन्यांच्या आतली घ्या, तीनच्या पुढची नकोच. युरोपियन बाटलीवर बहुधा कधीपर्यंत प्यावी ही तारीख असते, आणि ती दिवस-महिना-वर्ष अशी लिहिलेली असते. अमेरिकेत आधी महिना लिहायची सवय असल्याने इथे हमखास घोळ होतो. दोन बिअरच्या वयात फार अंतर असेल तर तुलना करू नका, कारण मग तुम्ही देश नाही, वय तपासताय.

दुसरं, हिरवी बाटली टाळा. त्याच ब्रँडची कॅन मिळत असेल तर कॅन घ्या. प्रकाश लागला की हॉप्समधल्या कडू द्रव्यांची गंधकाशी रासायनिक क्रिया होते आणि स्कंक ह्या प्राण्याच्या फवाऱ्यासारखा वास येतो. रात्री इथल्या हायवेवरून गेलात तर तो वास ओळखीचा असेल. पटत नसेल तर करून बघा. पिल्सनर उर्केलची एक कॅन दोन काचेच्या ग्लासांत ओता, एक कपाटात ठेवा, एक दुपारच्या कडक उन्हात खिडकीत. दहा-पंधरा मिनिटांनी दोन्हींत नाक घाला. एकाच कॅनमधली बिअर आहे यावर विश्वास बसत नाही. कित्येक लोक ह्याच वासाला ‘इम्पोर्टेड चव’ समजून जास्त पैसे मोजतात, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ती बिअर बनवणाऱ्याने तशी बनवलेलीच नसते.

भारतातून वाचत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: तिथे मिळणारी बडवायझर भारतातच बनते. तिच्यावरून अमेरिकेचा हिशोब करू नका.

मांडणी

ग्लास गरम पाण्याने खूप धुवा, साबणाचा अंश राहता कामा नये. ओतल्यावर काचेला आतून बुडबुडे चिकटलेले दिसले तर ग्लास तेलकट आहे. फेस टिकणार नाही, वासही नीट येणार नाही. फ्रीझरमधला बर्फाळलेला ग्लास वापरू नका. लागर (थंडाव्यात सावकाश आंबवलेली बिअर, पिल्सनर त्यातलीच) फ्रीजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवा, पेल एल अर्धा तास. बर्फासारखी गार बिअर जिभेला बधिर करते. हलक्या लागरच्या जाहिरातींत गारव्याचा एवढा गाजावाजा असतो, तो उगीच नाही.

माणशी तीन ग्लास. दोन ग्लासांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी, प्रत्येकी शंभर मिली पुरे. ओतणारा चाखणाऱ्यांत नको. पहिला प्रश्न ‘कोणती चांगली’ हा नाही, ‘वेगळी कोणती’ हा. ती सापडली तरच पुढे बोलायचं. नुसत्या अंदाजानेही तिघांतला एक बरोबर येतो, म्हणून एकाच फेरीवर भरवसा ठेवू नका. चखणा नंतर. शेवेचा आणि मसाला शेंगदाण्याचा तिखटपणा जिभेवर असताना पिल्सनर काय कळणार? मध्ये साधा पाव आणि पाणी. आणि त्या रात्री गाडीची किल्ली कोणाच्याच खिशात नको.

जोड्या

सुरुवात बडवायझर आणि स्टेला आर्टुआने करा. आमचे मेव्हणे म्युनिकला असतात, ते आले की हीच जोडी आधी ठेवतो. “दादा, ह्यात काय ओळखायचं, अमेरिकन म्हणजे पाणी,” असं म्हणत त्यांनी ग्लास उचलला आणि मग बराच वेळ एकातून दुसऱ्यात नाक फिरवत राहिले. शेवटी ज्याला त्यांनी बेल्जियन म्हटलं ती बडवायझर निघाली. ह्यात त्यांच्या जिभेचा दोष नाही. स्टेलाच्या मूळ कृतीतही मका आहे, इटलीच्या पेरोनी नास्त्रो अझ्झुरोमध्येही आहे. शिवाय २००८पासून बडवायझर आणि स्टेला एकाच, बेल्जियममध्ये मुख्यालय असलेल्या कंपनीच्या आहेत. कारखान्यातली हलकी लागर युरोपही पोटभर बनवतो. अमेरिकेने तेवढीच एक जगभर पोचवली आणि नाव खराब करून घेतलं.

मग खरी पिल्सनर: चेक प्रजासत्ताकातल्या प्लझेनची पिल्सनर उर्केल, १८४२पासूनची, आणि पेनसिल्व्हेनियाच्या व्हिक्टरी ब्रुअरीची प्रिमा पिल्स. उर्केलमध्ये भाजलेल्या पावाच्या कडेसारखा गोडवा आधी येतो, साझ ह्या चेक हॉप्सचा कडवटपणा मागून. प्रिमा कोरडी, गवताचा वास आणि कडू टोक लगेच. माझं मत उर्केलकडे झुकतं, पण ताजी मिळाली तरच. समुद्र ओलांडून आलेली जुनी उर्केल आणि शेजारच्या राज्यातली ताजी प्रिमा समोर असेल तर मी प्रिमा घेईन.

बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये हुगार्डन आणि मेन राज्यातली अलागाश व्हाइट. दोन्हींत धणे आणि संत्र्याची साल. इथे मला अलागाश निर्विवाद सरस वाटते: धणे जाणवतात पण साबणासारखे होत नाहीत, आणि शेवटचा घोट कोरडा जातो. हुगार्डन गावातली ही बिअर मरून गेली होती. पिएर सेलिस यांनी ती साठच्या दशकात पुन्हा उभी केली आणि पुढे १९९२मध्ये टेक्ससात ऑस्टिनला जाऊन तीच बनवायला लागले. म्हणजे दोन खंडांतली ही भिंत वाटते तेवढी जाड नाही.

बव्हेरियन हेफवायझनमध्ये, म्हणजे तिथल्या गव्हाच्या बिअरमध्ये, मात्र वाद नको. वाइनश्टेफान ब्रुअरीची घ्या. केळं आणि लवंग हा तिचा वास खास यीस्टमुळे येतो, आणि त्या यीस्टला सांभाळणं म्युनिकच्या आसपासच्या लोकांना जमतं तसं इथे क्वचितच कोणाला जमतं. मेव्हण्यांचा चेहरा तिथे उजळतो, आणि तो उजळायलाच हवा.

शेवटी सिएरा नेवाडाची पेल एल. हिच्यासमोर इंग्लिश बाटलीबंद एल ठेवून न्याय होत नाही, म्हणून ही एकटीच ठेवा. हिच्यातले कॅस्केड हॉप्स १९७२मध्ये ऑरेगनमधल्या संशोधनातून बाहेर आले. ग्लास हलवून वास घ्या: पपनसाची साल नखाने खरवडल्यावर येतो तसा, मागे थोडं पाइनचं लाकूड. १९८०मध्ये कॅलिफोर्नियातल्या चिको गावात ही बनली तेव्हा असा वास युरोपच्या कुठल्याच बिअरला नव्हता. आज स्कॉटलंडपासून बर्लिनपर्यंत तरुण ब्रुअर हेच हॉप्स मागवतात.

‘अमेरिकन बिअर कमी कडक’ हा आरोपही टेबलावरच निकालात काढा, लेबलं वाचून. बडवायझर ५ टक्के, सिएरा नेवाडा ५.६, पिल्सनर उर्केल ४.४, गिनेस ४.२. गैरसमजाचं एक कारण म्हणजे काही राज्यांत अल्कोहोल वजनाने मोजायचे, तिथली ३.२ टक्क्यांची बिअर आकारमानाने ४ टक्के भरते.

दोन गोष्टी मात्र घरच्या टेबलावर तपासता येत नाहीत. इंग्लंडच्या पबमधली, पिंपातून हाताच्या पंपाने ओढलेली, फारशी गार नसलेली एल प्रवास करत नाही. तिच्यासाठी तिकडेच जावं लागतं. तसंच व्हरमाँटची किंवा सॅन डिएगोची ताजी आयपीए म्युनिकच्या दुकानातल्या फळीवर चार-सहा महिने बसली की ती निव्वळ कडू काढा होते. मेव्हण्यांना निघताना म्हणूनच सांगितलं, तिकडे अमेरिकन आयपीए दिसली तर कॅन उलटी करून तारीख बघा, आणि जुनी असेल तर सरळ म्युनिकचीच आउगुस्टिनर मागवा.