पाहिलेल्या चित्रपटाविषयी मत कसे मांडावे

चित्रपट संपतो, दिवे लागतात आणि जिना उतरता उतरताच कोणीतरी विचारते, "कसा वाटला?" आपण सांगतो, "बरा होता." दोन-अडीच तास काळोखात बसून, तिकिटाचे, पॉपकॉर्नचे आणि पार्किंगचे पैसे मोजून आपण बाहेर आणलेला ऐवज पुष्कळदा एवढाच असतो. वास्तविक त्या दोन तासांत आपल्याला हसू आलेले असते, एखाद्या प्रसंगी घशाशी आवंढा आलेला असतो, एकदा-दोनदा घड्याळाकडेही लक्ष गेलेले असते. पण बोलायची वेळ आली की हे सारे "बरा", "भारी", "टाइमपास" किंवा "डोक्यावरून गेला" अशा चार-पाच शब्दांत गुंडाळले जाते.

हा लेख कोणाला वृत्तपत्रीय समीक्षक करण्यासाठी लिहिलेला नाही. घरात जेवताना, फिल्म सोसायटीचा खेळ संपल्यावर चहाच्या टपरीपाशी उभे राहून किंवा मित्रांच्या गटात चार ओळी लिहिताना आपले मत असे मांडता यावे की ऐकणाऱ्याला तो चित्रपट थोडासा आपल्या डोळ्यांनी दिसावा, इतकाच त्याचा उद्देश आहे. त्यासाठी एक सवय लावून घ्यावी लागते. आपण काय पाहिले आणि काय ऐकले ते आधी सांगावे, निकाल मागाहून द्यावा. पुढे दिलेल्या बहुतेक सूचना या सवयीतूनच निघालेल्या आहेत.

त्याच रात्री तीन नोंदी करा

चित्रपट पाहून आल्यावर झोपण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात. डोळे मिटल्यावर जसेच्या तसे समोर येते असे एक दृश्य, लक्षात राहिलेला एक आवाज (तो संवादच असला पाहिजे असे नाही, दाराची कडी किंवा लांबून येणारी अजानही चालेल), आणि आपण जिथे घड्याळ पाहिले ती जागा. कथानक लिहू नये. कथानक कुठेही वाचायला मिळते. आपल्याला नेमके काय दिसले ते मात्र आपल्यावाचून कोणी सांगू शकत नाही, आणि तेच सर्वांत आधी विसरले जाते. दुसऱ्या दिवशी कार्यालयात दोघांची मते कानांवर पडली की त्यातले आपले कोणते आणि ऐकीव कोणते हे ओळखणेही कठीण होते.

या तीन नोंदींच्या खाली चित्रपट कसा पाहिला तेही एका ओळीत लिहावे. मोठ्या पडद्यावर की लोकलच्या प्रवासात भ्रमणध्वनीवर, मूळ भाषेत उपशीर्षकांसह की दुसऱ्या भाषेतल्या आवाजात, सलग की तीन रात्री तुकड्यातुकड्याने, याचा मतावर फार परिणाम होतो. मध्यंतराचेच पाहा. आपल्याकडचे बहुतेक चित्रपट मध्यंतर गृहीत धरून लिहिले जातात आणि त्या क्षणी काहीतरी अडकवून ठेवतात. परदेशी चित्रपट सलग पाहण्यासाठी केलेला असतो. त्याला आपली चित्रपटगृहे सोयीच्या जागी मध्येच तोडतात. अशा चित्रपटाविषयी "मध्यंतरानंतर पडला" असे म्हणताना तो खरोखर पडला, की समोशांच्या रांगेत उभे राहून आपलीच तंद्री मोडली, हे स्वतःला एकदा विचारून घ्यावे.

आधी निरीक्षण, मग निकाल

एका उदाहरणावर थोडे थांबू. चैतन्य ताम्हाणे दिग्दर्शित 'कोर्ट' हा चित्रपट २०१५ साली चित्रपटगृहांत आला. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, त्यामुळे एरवी अशा चित्रपटाच्या वाटेला न जाणारे प्रेक्षकही तो पाहायला गेले आणि त्याविषयी कमालीची उलटसुलट मते ऐकायला मिळाली. त्यात एक दृश्य आहे. न्यायालयाचे काम संपते, माणसे निघून जातात, दालनातले दिवे मालवले जातात, काळोख होतो, आणि तरीही कॅमेरा जागचा हलत नाही.

या दृश्यावर एकाने "रटाळ" म्हटले आणि दुसऱ्याने "अप्रतिम" म्हटले, तर ऐकणाऱ्या तिसऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. तोच पहिला प्रेक्षक असे म्हणू शकतो: "दिवे गेले तेव्हा मला वाटले, चित्रपट संपला. मी चप्पल चाचपू लागलो. तो संपला नव्हता, आणि त्यापुढचा भाग मला शेपटासारखा जोडलेला वाटला." दुसरा म्हणू शकतो: "ज्या दालनात एका माणसाचे आयुष्य तारखांवर तारखा घेत लोंबकळत होते, ते दालन सुट्टी लागली म्हणून सहज बंद होते, हे मला त्या काळोखात बसल्यावर जाणवले." आता दोघांचीही मते झाली. दोन्हींत चित्रपटातली एकच जागा आहे, दोन्हींत त्या जागेने बोलणाऱ्याचे काय केले ते आहे, आणि ज्याने चित्रपट पाहिलेला नाही त्यालाही आपण यांपैकी कोणाच्या बाजूला असू याचा अंदाज बांधता येतो.

'संथ' आणि 'रटाळ' हे शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो, तसे करू नये. संथ हे गतीचे वर्णन आहे आणि रटाळ हा निकाल. संथ दृश्यात पाहणाऱ्याला काही ना काही नवे सापडत राहते. मागच्या बाकावरचा माणूस, भिंतीवरची तसबीर, बोलणाऱ्याची थरथरणारी बोटे. रटाळ दृश्यात जे होते ते पहिल्याच क्षणी कळलेले असते आणि तरी ते संपत नाही. या कसोटीने पाहिले तर पाच-पाच सेकंदांनी दृश्य बदलणारा, मारामारीने गच्च भरलेला चित्रपटसुद्धा रटाळ ठरू शकतो, आणि माझ्या मते तसे अनेक चित्रपट आहेत.

ठरावीक विशेषणे कशी टाळावीत

"अभिनय सुंदर, छायाचित्रण नयनरम्य, संगीत श्रवणीय" ही वाक्ये कोणत्याही चित्रपटाला डकवता येतात, म्हणून ती कोणत्याच चित्रपटाविषयी काही सांगत नाहीत. अभिनयाविषयी बोलायचे असेल तर त्या नटाने केलेली एक गोष्ट सांगावी. 'कोर्ट'मध्ये गीतांजली कुलकर्णी यांनी सरकारी वकिलाची भूमिका केली आहे. न्यायालयात ही वकीलबाई कायद्याची लांबच लांब कलमे सपाट आवाजात वाचत जाते आणि काम सुटल्यावर लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. एवढे वाक्य सांगितले की "सहजसुंदर अभिनय" हे शब्द वापरण्याची गरजच उरत नाही.

छायाचित्रणाच्या बाबतीत आपली फसगत वेगळ्या प्रकारची होते. पावसाळ्यातले कोकण पडद्यावर आले की छायाचित्रण उत्तम, असे आपण ठरवून टाकतो. तिथे पुष्कळसे काम पावसाने केलेले असते. त्याऐवजी कॅमेरा माणसांपासून किती लांब उभा होता, तो कोणाच्या उंचीवरून पाहत होता, अंधार कुठे ठेवला होता, यांपैकी जे लक्षात आले असेल ते साध्या शब्दांत सांगावे. लाँग शॉट, क्लोजअप हे शब्द येत असतील तर वापरावेत, येत नसतील तर "लांबून", "चेहऱ्याजवळून" हे शब्द पुरेसे आहेत. संकलनाविषयी मात्र जपून बोलावे, कारण काय कापले गेले ते आपण पाहिलेलेच नसते. "संकलन ढिसाळ आहे" म्हणण्यापेक्षा "लग्नाचा प्रसंग मला लांबलेला वाटला" असे म्हणणे अधिक प्रामाणिक आहे.

ज्यांना या गोष्टी नीट शिकून घ्यायच्या आहेत त्यांनी चित्रपट रसास्वादाचे शिबिर करावे. पुण्यात फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट आणि १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांनी मिळून अनेक वर्षे असे अभ्यासक्रम चालवले आहेत, आणि मुंबईत १९६८ पासून काम करणारे प्रभात चित्र मंडळ हे चित्रपट पाहून त्यावर बोलण्याची सवय लावणारे जुने ठिकाण आहे.

शेवट न सांगता शेवटाविषयी बोलणे

रहस्य फोडल्यावरून मैत्रीत कटुता आलेली मी पाहिली आहे, म्हणून हा भाग जरा काळजीने घ्यावा. १९६० साली 'सायको' प्रदर्शित करताना आल्फ्रेड हिचकॉक यांनी खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये असा आग्रह धरला होता. आज तो दरवाजा राखण्याचे काम आधी पाहून आलेल्या प्रेक्षकाकडे आले आहे. सोपा नियम असा की झलकेत दाखवलेले आणि साधारण पहिल्या अर्ध्या तासात घडणारे खुशाल सांगावे, त्यापुढचे विचारूनच सांगावे.

पण मग ज्या चित्रपटाचे सारे बळ शेवटात आहे त्याविषयी गप्पच बसायचे काय? नाही. अशा वेळी काय घडते ते न सांगता ते कसे दाखवले ते सांगावे. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्या दिवसांत जे शहाणे प्रेक्षक होते ते फक्त इतकेच म्हणत होते की शेवटी दिग्दर्शक आवाजच काढून घेतो आणि अख्खे चित्रपटगृह चिडीचूप होते. या वाक्यात कथेचा एकही धागा उघड होत नाही, आणि तरीही त्या शेवटाविषयी इतके नेमके वाक्य दुसरे सापडणे अवघड आहे.

कोणाला सांगतो आहोत हे ध्यानात घ्या

"पाहा" किंवा "पाहू नका" असे सर्वांना एकच सांगता येत नाही. शेजारच्या काकूंना आठवड्याचा शीण घालवायचा असतो, पुतण्याला पटकथा लिहायला शिकायचे असते आणि वहिनींना नऊ वर्षांच्या मुलाला बरोबर न्यायचे असते. वहिनींना प्रमाणपत्राची माहिती द्यावी. चित्रपट प्रमाणनाच्या २०२४ च्या नियमांनुसार 'यूए' (पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याचा) या वर्गाचे '७+', '१३+' आणि '१६+' असे तीन भाग झाले आहेत, आणि त्या वयाखालच्या मुलाने चित्रपट पाहावा की नाही हे पालकांनी ठरवायचे असते. मात्र प्रमाणपत्रावरून सगळे कळत नाही. एखाद्या प्रसंगाने मूल रात्री दचकून उठेल असे वाटले असेल, तर तसे स्पष्ट सांगावे.

मराठी चित्रपटासाठी वेगळा काटा

हे माझे गाऱ्हाणे आहे असे समजले तरी चालेल. "मराठी असूनही छान आहे" हे वाक्य कौतुक म्हणून बोलले जाते आणि त्यात आधीच अपमान करून ठेवलेला असतो. दुसऱ्या बाजूला, आपल्या भाषेचा चित्रपट आहे, खेळ मिळत नाहीत, निर्मात्याने घर गहाण ठेवले असेल, अशा कणवेने फुसक्या चित्रपटालाही आपण पाठीवर थाप देतो. मग आपल्या शब्दावर विसंबून गेलेला माणूस पुढचा चांगला मराठी चित्रपटसुद्धा टाळतो. खेळ कमी मिळतात ही अडचण खरी आहे आणि ती जरूर सांगावी, पण वेगळ्या वाक्यात सांगावी. "चित्रपट मला फसलेला वाटला, मात्र त्याला सकाळी साडेनऊचा एकच खेळ देणे अन्यायाचे आहे" असे म्हणता येते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

मत जुळले नाही तर

चर्चेतले सर्वांत वाईट वाक्य "तुला तो कळलाच नाही" हे आहे, कारण त्यानंतर समोरचा माणूस चित्रपटाचा नव्हे, स्वतःचा बचाव करू लागतो. वडीलधाऱ्यांनी नावडता सूर लावला तर "काका, तुम्हाला नेमका कुठे कंटाळा आला?" असे विचारावे. माझ्या अनुभवात "कुठे" हा प्रश्न "का" या प्रश्नापेक्षा जास्त कामाचा आहे. "का" विचारले की माणूस तत्त्वे सांगू लागतो, "कुठे" विचारले की तो दृश्याकडे परत जातो, आणि दृश्याकडे परत गेले की निम्मा वाद आपोआप निवळतो; उरलेला निम्मा वाद खरा असतो, तो खुशाल घालावा.

पाच-सहा जण एकत्र बसणार असतील तर ज्याने सर्वांत कमी चित्रपट पाहिले आहेत त्याला प्रथम बोलू द्यावे. जाणकाराने तोंड उघडले की बाकीचे माना डोलावू लागतात. ज्यांना त्या दिग्दर्शकाचे सगळे चित्रपट पाठ आहेत अशांनी आपली माहिती चहाच्या दुसऱ्या फेरीपर्यंत राखून ठेवावी.

मताबरोबर चित्र जोडायचा मोह होतो, तेव्हा कायद्याचेही भान ठेवावे. समीक्षेसाठी कलाकृतीचा रास्त वापर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याला मान्य आहे. पण चित्रपटगृहात बसून पडद्याचे चित्रण करणे ही वेगळी गोष्ट आहे. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनुसार विनापरवाना चित्रणासाठी किमान तीन महिने आणि कमाल तीन वर्षे तुरुंगवास व किमान तीन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. आवडलेल्या गाण्याचा तुकडा स्टेटसला ठेवण्यासाठी हात वर करण्याआधी हे आठवावे. मागच्या रांगेतल्या माणसालाही तेवढाच दिलासा मिळेल.

नोंदींच्या वहीत प्रत्येक चित्रपटापुढे तारीख लिहावी आणि खाली चार-पाच ओळींची जागा मोकळी सोडावी. काही वर्षांनी तोच चित्रपट पुन्हा पाहिला आणि मत बदलले, तर पहिली नोंद खोडू नये. मोकळ्या जागेत नवी तारीख घालून नवे मत लिहावे. माझ्या वहीत 'कोर्ट'च्या पहिल्या तारखेपुढे "दिवे गेल्यावर फार वेळ काहीच नाही" असे लिहिलेले आहे, आणि दुसऱ्या तारखेपुढे त्याच काळोखाविषयी पाऊण पान आहे.