लो केलेल्या गाडीसाठी घरी इंजिन गार्ड बनवताय? या चुका टाळा

लो केलेल्या, म्हणजे सस्पेन्शन खाली उतरवलेल्या गाडीखाली बसवायची स्किड प्लेट, म्हणजेच गॅरेजमध्ये सगळे ज्याला इंजिन गार्ड म्हणतात तो, अडथळ्यावरून घसरत पुढे जाण्यासाठी आणि खालून येणारा भार इंजिनाच्या चेंबरऐवजी (तळाच्या ऑईलच्या भांड्याऐवजी) सबफ्रेमवर, म्हणजे इंजिनाखालच्या मजबूत सांगाड्यावर सोपवण्यासाठी असतो. हे लक्षात न घेता, जणू चिलखत घडवायचे आहे अशा थाटात काम सुरू केले, की पुढच्या बहुतेक चुका त्यातूनच होतात.

जाडीची चूक सर्वांत आधी होते. 900 बाय 600 मिलिमीटरची 3 मिलिमीटर जाड लोखंडी प्लेट सुमारे पावणेतेरा किलो भरते आणि तीच 5 मिलिमीटरची घेतली तर वजन एकवीस किलोवर जाते. स्प्रिंग आधीच कापलेली किंवा आखूड असलेल्या गाडीच्या नाकावर एवढे वजन टाकले की ती आणखी खाली बसते आणि जी उंची वाचवायची होती तीच हातची जाते. 4 मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनिअमची तेवढीच प्लेट सहा किलोच्या आत बसते. मात्र अ‍ॅल्युमिनिअम मऊ असल्याने काँक्रीटवर घासताना ते लोखंडासारखे सरकत नाही, थोडे धरते. त्यामुळे रोजच घासत जाणारी गाडी असेल, तर 3 मिलिमीटरचे लोखंड आणि लहान आकाराची प्लेट हाच माझ्या मते शहाणा पर्याय आहे.

मोजमाप रिकाम्या गाडीवर घेणे हीदेखील नेहमीची चूक आहे. चार माणसे आणि डिकीत सामान असताना चेंबरचा सर्वांत खालचा बिंदू जमिनीपासून किती उंच राहतो, ते आधी पाहावे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच आणि 17 मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असायला हवा. अशा गतिरोधकाच्या माथ्यावर 2,450 मिलिमीटर व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर) असलेल्या गाडीच्या मधल्या भागाखालची जागा जेमतेम साडेचार सेंटिमीटरने कमी होते. गल्लीबोळांत आणि सोसायट्यांच्या फाटकांत मात्र हातभर रुंदीचे उंचवटे असतात आणि ते आपली सगळी उंची गाडीखाली घुसवतात. त्यात ऐन माथ्याजवळ ब्रेक दाबला की नाक आणखी झुकते. प्लेट, बोल्ट आणि मधली मोकळी जागा मिळून सहज 30 मिलिमीटर उंची खर्च होते. ती परवडणार नसेल, तर प्लेट बनवण्याआधी सस्पेन्शन थोडे वर घेणेच योग्य ठरेल.

मुंबईत गुलालवाडीच्या धातूबाजारात अ‍ॅल्युमिनिअमचा पत्रा घेताना केवळ जाडी सांगून भागत नाही, ग्रेडही विचारावा लागतो. 6061-टी6 मजबूत असतो, पण लहान त्रिज्येत वाकवला की वळणावर तडकतो. 5052 निमूटपणे वाकतो आणि समुद्राच्या खाऱ्या हवेतही चांगला टिकतो. चेकर प्लेट वापरायची असेल, तर तिचा उठावदार भाग आतल्या बाजूला घ्यावा, कारण रस्त्याच्या बाजूला ती नक्षी प्रत्येक अडथळ्यात अडकते. अ‍ॅल्युमिनिअमवर उघडा लोखंडी बोल्ट थेट आवळला की पावसाळ्याच्या ओलाव्यात भोकाभोवती पांढरी भुकटी दिसू लागते आणि पत्रा खाल्ला जातो. म्हणून झिंकचा मुलामा दिलेले बोल्ट घ्यावेत आणि वॉशरखाली ग्रीसचा थर द्यावा.

खरी परीक्षा बसवण्यात असते. चेंबरच्या बोल्टना, रेडिएटरच्या पट्टीला किंवा बंपरच्या प्लास्टिकला प्लेट टांगणे म्हणजे फटका बसताच तोच भाग उखडायची व्यवस्था करून ठेवणे होय. आधार सबफ्रेमचा किंवा क्रॉस मेंबरचाच (तळाच्या आडव्या तुळईचाच) घ्यावा आणि शक्यतो तेथे आधीपासून असलेली आटेदार भोके वापरावीत. बंपरमागचा आडवा बीम टक्कर झाल्यास चेपण्यासाठी बनवलेला असतो, म्हणून प्लेटने त्याला सबफ्रेमशी ताठ जोडू नये. सबफ्रेमवर वेल्डिंग करणेही टाळावे. गाडीवर वेल्डिंग अपरिहार्यच असेल, तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढावी आणि इंधनाची नळी कोठून जाते ते पाहिल्याखेरीज ठिणगी पाडू नये.

प्लेटचा पुढचा काठ 20 ते 30 अंशांनी वर वळवावा आणि पुढचे बोल्ट त्या वळलेल्या भागात घ्यावेत. सपाट भागात बाहेर आलेले बोल्टचे षटकोनी डोके काही दिवसांत घासून गोल होते, त्यावर पाना बसत नाही आणि पुढच्या ऑईल बदलाच्या वेळी मेकॅनिकला ग्राइंडर लावून ते कापावे लागते. मागच्या बोल्टच्या पुढे उतरती लोखंडी पट्टी जोडली की डोके वाचते. प्लेट दोन तुकड्यांची असेल, तर पुढच्या तुकड्याची मागची कड दुसऱ्या तुकड्यावर बाहेरून चढलेली असावी, जशी कौले पाण्याच्या दिशेने एकावर एक चढवतात. उलट केले की जोड प्रत्येक उंचवट्यावर उचकटतो.

इंजिन आपल्या माउंटिंगवर हलते, म्हणून चेंबर आणि प्लेट यांत किमान 20 ते 25 मिलिमीटर मोकळे अंतर हवे. ते तपासायला कणकेचे गोळे पुरेसे होतात. इंजिन थंड असताना प्लेटवर चेंबरखाली जाडसर गोळे ठेवून प्लेट आवळावी, सोसायटीच्या आवारात गाडी हळू पुढे-मागे करून एकदोन वेळा नेटाने ब्रेक दाबावा आणि प्लेट उतरवून गोळे किती चेपले ते मोजावे. हे काम करताना गाडी फक्त जॅकवर किंवा पेव्हर ब्लॉकच्या चळतीवर ठेवून खाली शिरू नये. सपाट जमीन आणि जॅक स्टँड यांना पर्याय नाही.

प्लेटने सगळे तळ झाकून टाकणे हा आणखी एक मोह असतो. रेडिएटरमधून आलेली गरम हवा बऱ्याच अंशी खालून बाहेर पडते आणि दादर ते अंधेरी कूर्मगतीने सरकणाऱ्या वाहतुकीत ती वाट बंद असेल, तर तापमानाचा काटा चढतो. मागच्या भागात लांबट खाचा ठेवाव्यात, त्यातून पाणी आणि चिखलही निथळतो. ऑईलच्या ड्रेन बोल्टसमोर आणि फिल्टरखाली मोकळे भोक असावे. पॉलिथिनची प्लेट उत्तम सरकते, पण ती साधारण 130 अंश सेल्सिअसला वितळू लागते, म्हणून एक्झॉस्टमधल्या, खूप तापणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरजवळ ती वापरू नये.

बसवल्यानंतर ठरावीक आरपीएमलाच खडखड येत असेल, तर बहुधा प्लेट सबफ्रेमला किंवा एक्झॉस्टला लागत असते. आधाराच्या जागी रबरी वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असल्याने सैल न होणारे) घालून पाहावे. आवाज फक्त खड्ड्यांत येत असेल, तर चेंबरला प्लेट टेकण्याचा संशय घ्यावा. जळका वास आला, तर आत अडकलेली प्लास्टिकची पिशवी किंवा प्लेटवर साठलेले ऑईल आधी शोधावे. ऑईल साठलेले असेल, तर गळती प्लेटमुळे लपली होती असे समजावे.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 मध्ये वाहनातील बदलांवर निर्बंध आहेत, त्यामुळे लो केलेल्या सस्पेन्शनबाबत आरटीओकडे आणि विमा कंपनीकडे आधीच विचारणा करावी. पावसाळ्यात महिन्यातून एकदा आणि जोराचा दणका बसल्यावर लगेच प्लेट उतरवून चेंबरला आलेले पोचे, सबफ्रेमची भोके आणि बोल्टचे आटे पाहावेत. भोक लांबट झाले असेल, तर मोठा वॉशर घालून वेळ मारून न नेता ती प्लेट बदलावी.