घरचा छापखाना आणि ८०० मीटर

घरचा धंदा आहे आणि खेळातही काही करून दाखवायचंय, अशी मुलं-मुली मला भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: घरच्यांना पटवलंस कसं? मी २३ वर्षांची आहे. ८०० मीटर धावते आणि घरच्या छापखान्यात काम करते. हे दोन्ही करतानाची पहिली दोन वर्षं मी पटवण्यातच घालवली आणि त्यातून भांडणांपलीकडे काही हाती लागलं नाही. जे उपयोगी पडलं ते वेगळंच होतं, आणि ते कुणी मला आधी सांगितलं असतं तर एक अख्खा सीझन वाचला असता.

आधी छापखान्याबद्दल सांगते, कारण भांडणाचं मूळ तिथेच होतं. ऑफसेट मशीनवर रंग चढला की जॉब संपेपर्यंत मशीनमनला हलता येत नाही. मध्येच थांबलात तर रोलरवरची शाई सुकायला लागते, ब्लँकेट, म्हणजे कागदावर छाप उमटवणारं रबर, धुवावं लागतं, पुन्हा सुरू करताना रजिस्टर जुळवावं लागतं, म्हणजे सगळे रंग एकमेकांवर नेमके बसवावे लागतात, आणि ते जुळेपर्यंतचे कागदाचे ताव वाया जातात. मी मशीनवर होते. माझा सराव संध्याकाळी साडेपाचचा. पाच वाजले की मी घड्याळाकडे बघायची, बाबा माझ्याकडे बघायचे. कधी मी जॉब अर्धा टाकून निघायची, कधी थांबायची आणि मग रात्री घरी धुसफुस करायची. बाबा एकदा म्हणाले होते, "तू जातेस त्याचं काही नाही. तू कधी जाणार तेच मला कळत नाही." मला वाटलं, हे नाही म्हणण्याचंच गोड रूप आहे. आज कळतं की त्या वाक्यात सगळं होतं.

मग तो फर्मा झाला. सोळापानी फर्मा म्हणजे एका मोठ्या तावावर पुढे आठ आणि मागे आठ पानं. ताव तीनदा दुमडला की पानं क्रमाने येतात. त्यात मणक्याच्या दोन बाजूंना येणाऱ्या पानांची बेरीज नेहमी १७ होते: १ आणि १६, २ आणि १५, ८ आणि ९. पुढची बाजू छापून सुकली की गठ्ठा ठरलेल्या दिशेने उलटायचा, पाठ छापायला घ्यायची आणि पहिला ताव दुमडून बघायचा. एवढंच. त्या दिवशी पहाटे मी सहा वेळा ३०० मीटर मारून आले होते, आदल्या रात्री झोप पाच तासांची झाली होती. गठ्ठा चुकीच्या बाजूने उलटला आणि ताव दुमडून बघितला नाही. दोन हजार ताव गेले. ७० बाय १०० सेंटिमीटरचा, १०० जीएसएमचा (चौरस मीटरला १०० ग्रॅम) कागद होता, म्हणजे ५०० तावांची एक रीम ३५ किलोची, आणि अशा चार रिमा.

बाबा ओरडले नाहीत. त्यांनी एक ताव घेतला, तीनदा दुमडला, कडा नखाने दाबल्या आणि माझ्यासमोर ठेवला. पान १ उलटलं तर मागे २ च्या जागी भलतंच पान. काका मात्र बोलले, "एक तर हे कर, नाहीतर ते कर. दोन्हीची वाट लावू नकोस." मी रडत घरी गेले आणि दोन आठवडे बाबांशी कामापुरतंच बोलले. मला राग याचा होता की घरचे धावण्याला दोष देत होते. खरं सांगायचं तर दोष धावण्यातही होता आणि छापखान्यातही. माझा पूर्ण दिवस कुणालाच माहीत नव्हता, कारण मी तो कुणाला सांगितलाच नव्हता.

हे मला शरीराने शिकवलं. उजव्या नडगीत एका जागी दुखायला लागलं. बोट ठेवलं की कळ यायची. त्याच सुमारास चार महिने पाळी आली नव्हती आणि मी ती गोष्ट सोय म्हणून खपवून घेतली होती. मुलींनो, हे कृपा करून करू नका. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांकडे जा. खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर आधी ज्या गोष्टी बंद करतं त्यात पाळी असते. त्यामागे इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाडं कमजोर पडतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या सगळ्या प्रकाराला 'रेड-एस' असं नाव दिलं. मुलांनाही हा त्रास होतो, फक्त त्यांना पाळीसारखी उघड खूण मिळत नाही. माझ्या नडगीच्या हाडाला सूज होती, फ्रॅक्चर थोडक्यात टळलं. आठ आठवडे धावणं बंद. सीझन गेला.

डॉक्टरांनी विचारलं, दिवसभर काय करता? मी सांगितलं: नऊ तास उभं राहणं, रिमा उचलणं, डबा कधी चारला, कधी तसाच परत. हे मी कोचना सांगितलं तेव्हा ते कितीतरी वेळ गप्प बसले. "तू दिवसभर उभी असतेस हे मला कधी सांगितलंस?" ते बारा-तेरा मुलींना शिकवतात. माझं वेळापत्रक त्यांनी दिवसभर बसून शिकणाऱ्या मुलीसाठी आखलं होतं. आणि बाबांना वाटत होतं की सराव म्हणजे तासभर धावणं, मग मुलगी एवढी दमते कशाने? दोघांनाही माझा अर्धाच दिवस दिसत होता. बाकीचा अर्धा मी लपवला नव्हता, पण दाखवलाही नव्हता.

त्या आठ आठवड्यांत मी एक वही केली. डाव्या पानावर छापखाना: किती तास उभी, किती वेळ बसून, किती रिमा उचलल्या. उजव्या पानावर सराव, झोप आणि जेवणाच्या वेळा. सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजून वर कोपऱ्यात लिहायची. हीच वही कोचना दाखवली आणि हीच बाबांना. तुम्ही आज सुरुवात करत असाल तर भांडायच्या आधी तीन आठवडे ही वही लिहा. घरच्यांना पटवायला म्हणून नको, आधी स्वतःला कळायला. मला पहिल्याच आठवड्यात दिसलं की कठीण सरावाचे दोन्ही दिवस मशीनच्या सगळ्यात जड दिवसांवर येत होते. जोरदार सरावानंतर स्नायूंचं दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत शिगेला जातं. मी नेमकी तेव्हाच रिमा उचलत होते.

बाबांशी बोलताना मी रॉजर बॅनिस्टरचं उदाहरण काढलं. ६ मे १९५४ ला चार मिनिटांच्या आत मैल धावणारा पहिला माणूस. तो वैद्यकीय विद्यार्थी होता, त्या दिवशी सकाळी रुग्णालयात काम करून मग रेल्वेने ऑक्सफर्डला गेला आणि संध्याकाळी ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत धावला. मला वाटलं, आता बाबा निरुत्तर. बाबांनी विचारलं, "तो सराव कधी करायचा?" मी म्हटलं, दुपारच्या सुट्टीत. "म्हणजे त्याची वेळ ठरलेली होती. मी तुझ्याकडे तेवढंच मागतोय."

त्या संध्याकाळी पहिल्यांदा आम्ही खेळ की धंदा यावर बोललो नाही, वेळेवर बोललो. आणि बोलता बोलता लक्षात आलं की मशीनमनच्या कामाला ठरलेली वेळ लावताच येत नाही. तेव्हा मी मशीन सोडलं. छापखान्यात तुकड्यातुकड्यांनी पुरं होणारं कामही भरपूर असतं: डमी (पुस्तकाचा नमुना) बांधणं, प्रूफ वाचणं, पानांची मांडणी तपासणं, प्लेटची फाईल पाठवणं, गिऱ्हाइकांचा पाठपुरावा. ते मी घेतलं. सकाळी दहा ते साडेचार, बहुतेक बसून. आठवड्यातून एक दिवस मशीन, तो सुद्धा सोप्या सरावाचा. घरच्या धंद्यात असाल तर माझं सगळ्यात मनापासून सांगणं हेच आहे: तास कमी करून मागण्याआधी काम बदलून मागा. ज्या कामाला तुमच्यावाचून मध्येच थांबावं लागतं ते काम घेऊन खेळ होत नाही, आणि तुम्ही निघून गेलात की त्याचा भार कुणाच्या तरी अंगावर पडतोच. आमच्याकडे तो काकांच्या अंगावर पडत होता, आणि त्यांचे गुडघे आधीच दुखतात. त्यांच्या चिडण्यामागे हे होतं, हे मला फार उशिरा दिसलं.

पैशांचं आईने सोडवलं. हिशेब तीच बघते. तोवर मला पगार नव्हता, लागेल तेव्हा मागायचे. बूट, प्रवेश फी, प्रवास, प्रत्येक वेळी मागताना सगळा वाद पहिल्यापासून. आईने माझं नाव हजेरीपटावर चढवलं आणि महिन्याचा पगार लावला. बाकीच्या कामगारांसारखंच, उशीर झाला तर कापून. त्यानंतर बुटांवरून घरात एकदाही आवाज चढला नाही.

मुदतही ठरवली: दोन सीझन. ८०० मीटरला मी २:१४ वर, म्हणजे २ मिनिटं १४ सेकंदांवर होते, २:०९ च्या खाली जायचं. झालं तर पुढचं बोलू, नाही झालं तरी बोलू. मुदत मागायला मला भीती वाटत होती, पण बाबांच्या चेहऱ्यावरचा ताण तिनेच उतरवला. त्यांना मशीनसाठी माणूस शोधायचा होता आणि तो सहा महिन्यांसाठी शोधायचा की कायमचा, हे त्यांना कळत नव्हतं.

उदाहरणं शोधत असाल तर जपानचा युकी कावाउची वाचा. सरकारी कर्मचारी म्हणून पूर्णवेळ नोकरी करत त्याने २०१८ ची बोस्टन मॅरेथॉन जिंकली आणि २०१९ मध्ये नोकरी सोडून पूर्णवेळ धावायला लागला. पण घरच्यांच्या तोंडावर उदाहरण फेकू नका. मी बॅनिस्टरचं फेकलं आणि बाबांनी ते झेललं, हे माझं नशीब.

सगळं सुरळीत झालंय असं नाही. वर्षअखेरीस कॅलेंडर आणि डायऱ्यांची कामं येतात तेव्हा ठरलेल्या वेळा मोडतात. त्या पाच-सहा आठवड्यांत मी सराव कमी करते आणि कोच त्या हिशेबाने वर्ष आखतात. नाडी नेहमीपेक्षा सात-आठने वर दिसली तर संध्याकाळी ट्रॅकवर न जाता झोपते. पाळी पुन्हा सुरू व्हायला पाच महिने लागले. गेल्या सीझनमध्ये २:११ पर्यंत आले, अजून एक सीझन हातात आहे.

काका अजूनही माझ्याशी धावण्याबद्दल बोलत नाहीत. परवा मी निघाले तेव्हा पायऱ्यांवर एक गिऱ्हाईक भेटलं, त्यांना प्रूफ दाखवायचं राहिलं होतं. मी परत वळणार तोच आतून काकांचा आवाज आला, "तिची साडेचारला सुट्टी होते. प्रूफ तिने काढून ठेवलंय, या, मी दाखवतो."