आयर्न मेडनवाले काय वाचतात, हे गाण्यांतून कसं शोधायचं

आयर्न मेडन, म्हणजे तो इंग्लंडचा हेवी मेटल बँड, लागला की माणूस डोकं हलवतो, शब्दांकडे कोण बघतंय, मीही बघत नव्हतो. 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' शंभरदा ऐकून झाल्यावर कुणीतरी म्हणालं अरे ही तर इंग्रज कवी कोलरिजची कविता, आणि मी गारच पडलो. तेव्हापासून हा नाद लागलाय.

तर सुरुवात याच गाण्यापासून करा. १९८४ चा 'पॉवरस्लेव्ह' अल्बम, त्यातलं शेवटचं गाणं, साडेतेरा मिनिटांच्या वर जातं. कविता १७९८ ची, त्यामुळे नेटवर फुकट मिळते. प्रिंट काढा, पेन्सिल घ्या आणि गाणं थांबवत थांबवत ऐका. म्हातारा खलाशी लग्नाच्या पाहुण्याला अडवतो, अल्बट्रॉस हा समुद्रपक्षी मारल्याचं सांगतो, ही गोष्ट गाण्यात बरीचशी बँडच्या स्वतःच्या शब्दांत आहे. पण दोन ठिकाणी कोलरिजच्या ओळी जशाच्या तशा येतात. एक, वारा पडलाय, जहाज हलत नाही, चहूकडे पाणी पण प्यायला थेंब नाही, हे कवितेच्या दुसऱ्या भागातलं. आणि मग मधे सगळं संथ होतं, जहाजाची लाकडं करकरतात आणि एक आवाज नुसता बोलतो, खलाशी एकामागून एक डोळ्यांनीच शाप देत कोसळतात, ते तिसऱ्या भागातलं. या दोन जागा अधोरेखित करा. नुसता सारांश वाचून हे जमत नाही, लिहिणारा कविता समोर ठेवून बसलाय हे सरळ दिसतं. (मुंबईकरांनो, १ फेब्रुवारी २००८ ला बीकेसीत त्यांची वर्ल्ड टूर सुरू झाली तेव्हा हे अख्खं गाणं वाजवलं होतं.)

मग क्रेडिट बघा, म्हणजे गाणं कुणी लिहिलंय ते. अख्खा बँड काही एकत्र बसून वाचत नाही, वाचणारा एक कुणीतरी असतो, आणि इथे तो बहुतेक वेळा बासवाला स्टीव्ह हॅरिस निघतो. गायक ब्रूस डिकिन्सन वेगळा, त्याने कॉलेजात इतिहास केला आणि पुढे स्वतः दोन विनोदी कादंबऱ्याही लिहिल्या.

आता सगळ्यात मोठा खड्डा, तो म्हणजे नाव. नाव जुळलं म्हणून पुस्तक वाचलं असं धरू नका. 'स्ट्रेंजर इन अ स्ट्रेंज लँड' हे हाइनलाइनच्या कादंबरीचं नाव, ती मंगळावर वाढलेल्या माणसाची गोष्ट, पण गाणं बर्फात गोठून मेलेल्या माणसाचं, मंगळाचा पत्ताच नाही. 'क्वेस्ट फॉर फायर' बघा, त्या नावाचं पुस्तकही आहे आणि पिक्चरही, पण गाण्यात आदिमानवाच्या काळात डायनासोर फिरतात, आता बोला! म्हणून या नोंदींची एक वही करा आणि तिच्यात एक रकाना 'पुस्तक की पिक्चर' असा ठेवाच.

कधी उलटंही होतं, नाव वेगळं आणि आत पुस्तक. 'टू टेम अ लँड' (१९८३) हे खरंतर फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून' या विज्ञान कादंबरीवरचं गाणं, तेच नाव द्यायचं होतं, परवानगी मागितली तर त्याच्या एजंटकडून निरोप आला की हर्बर्टना रॉक बँड आवडत नाहीत, त्यातही हेवी, आणि त्यातही तुमच्यासारखे. बिचाऱ्यांनी नाव बदललं. असली गाणी नावावरून सापडत नाहीत, शब्दच वाचावे लागतात.

आता दुसरी बाजू, इतरांच्या गाण्यात मेडन. लिरिक्सच्या साइटवर नुसतं नाव टाकाल तर खिळ्यांच्या त्या छळपेटीचीही गाणी वर येतील, कारण तिचंही नाव हेच, तर बँडचाच उल्लेख आहे ना हे आधी बघा. नंतर नाव कशासाठी घेतलंय ते लिहा. व्हीटस या बँडच्या 'टीनेज डर्टबॅग'मध्ये (२०००) मेडन म्हणजे सोबत ऐकायचा बँड आणि त्याची दोन तिकिटं, पोराला वाटतं आपल्याला कोण विचारतंय आणि शेवटी त्याला आवडणारी पोरगीच तिकिटं घेऊन येते, मेडनचं म्युझिक कसं आहे यावर मात्र अवाक्षर नाही. वीझर या बँडच्या 'हार्ट साँग्स'मध्ये (२००८) जुडास प्रीस्ट आणि स्लेयर या दुसऱ्या मेटल बँडच्या जोडीने नाव येतं, आणि तिथे ते गिटार शिकवणारे गुरू असतात. पुस्तकाचं मात्र दोघंही नाव काढत नाहीत.