सहा मिनिटांची ॲनिमेशन फिल्म: फायली कशा लावायच्या, काम कसं पुढे न्यायचं

सहा मिनिटांची फिल्म म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबाने ८,६४० फ्रेम. सरासरी चार सेकंदांचा शॉट धरला तर ९० शॉट. प्रत्येक शॉटचं ब्लॉकिंग (मुख्य पोजची कच्ची मांडणी), ॲनिमेशन, लायटिंग आणि प्रत्येकाच्या चार-चार आवृत्त्या म्हटल्या की हजाराच्या वर फायली होतात. पहिल्या महिन्यात सगळं डोक्यात असतं. सातव्या महिन्यात ‘फायनल’, ‘फायनल_नवीन’ आणि ‘फायनल_हीच’ यांतली कोणती एडिटमध्ये गेलीये, ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून पहिली की-फ्रेम (पात्राची ठरावीक क्षणाची नोंदलेली पोज) टाकण्याआधी एक अख्खा दिवस नुसत्या मांडणीला द्या. पुढचं सगळं ब्लेंडर या थ्रीडी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या तीन-चार जणांच्या टीमला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

फोल्डर आणि नावं

एकच मुख्य फोल्डर, त्याच्या पोटात सात: ०१_स्टोरी, ०२_ऑडिओ, ०३_असेट (पात्रं, वस्तू), ०४_शॉट, ०५_रेंडर (ब्लेंडरने काढलेली तयार चित्रं), ०६_एडिट, ०७_डिलिव्हरी. आकडे अशासाठी की कामाच्याच क्रमाने ते यादीत दिसावेत. याहून खोल कप्पे फार करू नका. विंडोजवर पूर्ण पाथ (फाइलचा पत्ता) साधारण २६० अक्षरांपलीकडे गेला की काही प्रोग्रॅम फाइल उघडायलाच नकार देतात.

प्रत्यक्ष नावं मात्र रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत, स्पेस न देता ठेवा. मराठीच्या प्रेमापोटी देवनागरी नावं द्यावीशी वाटतात, पण ‘ॲ’ हे एकच अक्षर बघा. एका कीबोर्डवर ते सलग एक अक्षर म्हणून उमटतं, दुसऱ्यावर ‘अ’, न दिसणारं जोडचिन्ह आणि वरचा चंद्र अशा तीन तुकड्यांत. डोळ्यांना दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला वेगळे. एकाच नावाचे दोन फोल्डर शेजारी-शेजारी उभे राहतात आणि अर्ध्या फायली एकात, अर्ध्या दुसऱ्यात जातात.

शॉटचे नंबर दहाच्या पटीत द्या: ०१०, ०२०, ०३०. मध्ये नवा शॉट आला की ०१५. गाळलेल्या शॉटचा नंबर पुन्हा वापरू नका. आवृत्तीला तीन आकडे, व्ही००१ पासून. नुसतं १, २ असं लिहिलं तर बऱ्याच याद्यांमध्ये १० हा २ च्या आधी येतो.

कॅरेक्टर एकाच जागी राहिलं पाहिजे

सगळ्यात जास्त वेळ इथे वाचतो आणि सगळ्यात मोठा घोळही इथेच होतो. समजा फिल्ममध्ये आजीचं पात्र आहे. तिचं रिग (हलवता येणारी हाडं जोडलेलं मॉडेल) असेट फोल्डरमधल्या एकाच फाइलमध्ये ठेवा आणि शॉटमध्ये ते लिंक करा, अपेंड नको. अपेंड म्हणजे प्रत्येक शॉटमध्ये आजीची वेगळी नक्कल. लुगड्याच्या काठाचा रंग बदलायचा ठरला की ९० फायली उघडाव्या लागतील. लिंक केलेलं असेल तर एक फाइल बदलली की सगळे शॉट आपोआप बदलतात. लिंक केल्यावर पोज देता यावी म्हणून लायब्ररी ओव्हरराइड (लिंक केलेल्या गोष्टीत त्या शॉटपुरता बदल करू देणारी सोय) करा.

त्यासाठी तीन गोष्टी पाळाव्या लागतात. एक, आजीचं सगळं काही एका कलेक्शनमध्ये (वस्तूंच्या गटात) असावं आणि ते कलेक्शनच लिंक करावं, नाहीतर तिचा चष्मा मागेच राहतो. दोन, लिंकसाठीच्या फाइलच्या नावात आवृत्तीचा आकडा नको. कामाच्या आवृत्त्या शेजारच्या फोल्डरमध्ये वाढू द्या. पसंत पडलेल्या आवृत्तीची प्रत तेवढी ठरलेल्या नावाने वर ठेवा. तीन, ॲनिमेशन सुरू झाल्यावर हाडांची नावं बदलू नका. की-फ्रेम हाडाच्या नावाला बांधलेल्या असतात. नाव बदललं की की-फ्रेम टाइमलाइनवर दिसतात, पण हात हलत नाही.

पाथ नेहमी रिलेटिव्ह, म्हणजे उघडलेल्या ब्लेंड फाइलपासून मोजलेला, ठेवा. ब्लेंडरमध्ये असा पाथ दोन तिरक्या रेघांनी सुरू होतो. नवी फाइल आधी सेव्ह करा, मगच लिंक करा, कारण सेव्ह न केलेल्या फाइलला स्वतःचा पत्ताच नसतो. टेक्स्चर (मॉडेलवर चढवायचं चित्र) डाउनलोड फोल्डरमधून थेट ओढून आणू नका. दुसऱ्या मशीनवर आजी जर्द गुलाबी दिसली, तर हेच कारण. फाइल मेन्यूतल्या एक्सटर्नल डेटामध्ये ‘रिपोर्ट मिसिंग फाइल्स’ आहे, ते रेंडरला लावण्याआधी दर वेळी चालवा.

वेळ, आवाज, एडिट

फ्रेम रेट पहिल्या दिवशी ठरवा आणि सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये तपासा. एडिट २३.९७६ वर आणि ॲनिमेशन २४ वर असेल तर सहा मिनिटांत साडेआठ फ्रेमचा फरक पडतो, म्हणजे ओठ एक तृतीयांश सेकंदाने चुकतात. आवाज ४८,००० हर्ट्झच्या वेव्हमध्येच घ्या; २४ फ्रेमला भागलं की एका फ्रेमला बरोबर २,००० सॅम्पल येतात. एमपी३च्या सुरुवातीला बारीकशी मोकळी जागा असू शकते. लिपसिंकमध्ये ती खटकते.

आधी कच्च्या आवाजावर ॲनिमॅटिक (स्टोरीबोर्डच्या चित्रांची कच्ची फिल्म) कापा आणि शॉटच्या लांब्या त्यातून घ्या. शॉट १००१ व्या फ्रेमपासून सुरू करा आणि दोन्हीकडे आठ-आठ फ्रेम जादा ठेवा. ९६ फ्रेमचा शॉट १००१ ते १०९६, रेंडर ९९३ ते ११०४. १ पासून सुरू केलं तर मागच्या जादा फ्रेम शून्याखाली जातात आणि फाइलच्या नावात उणे चिन्ह येतं.

प्रत्येक शॉटचा व्ह्यूपोर्ट प्रीव्ह्यू (काम करताना स्क्रीनवर दिसतं तसा झटपट काढलेला व्हिडिओ) त्याच त्या ठरलेल्या नावाने एडिट फोल्डरमध्ये टाकत चला, म्हणजे टाइमलाइनला हात न लावता फिल्म अद्ययावत राहते. प्रीव्ह्यूवर फाइलचं नाव आणि फ्रेम नंबर छापायची सोय आउटपुटच्या मेटाडेटामध्ये आहे. ती चालू ठेवा, अंतिम रेंडरला आठवणीने बंद करा. आठवड्यातून एकदा सगळ्यांनी बसून अख्खी फिल्म बघा, अर्धी चित्रं, अर्धे प्रीव्ह्यू असली तरी.

एका शीटमध्ये शॉट, लांबी, टप्पा, कोणाकडे आहे आणि कोणती आवृत्ती पास झाली एवढेच रकाने पुरतात. ‘कोणाकडे आहे’ हा रकाना सर्वात महत्त्वाचा. दोघांनी एकच ब्लेंड फाइल उघडली तर जो शेवटी सेव्ह करेल त्याचंच काम राहतं, दुसऱ्याचं गेलं.

रेंडर

थेट व्हिडिओ रेंडर करू नका, सुट्या चित्रांची मालिका करा. नेहमीच्या एमपी४ फाइलची सूची सगळ्यात शेवटी लिहिली जाते. ९० टक्क्यांवर लाइट गेली तर ती उघडतच नाही. सुट्या फ्रेम असतील तर जिथे थांबलं तिथून पुढे जाता येतं. त्यासाठी आउटपुटमध्ये ‘ओव्हरराइट’ बंद आणि ‘प्लेसहोल्डर्स’ चालू करा. मग दोन मशीनही एकाच फोल्डरमध्ये फ्रेम वाटून घेतात.

यात एक खोच आहे. प्लेसहोल्डर म्हणजे शून्य बाइटची रिकामी फाइल. लाइट जाते त्या क्षणी ती तशीच राहते आणि पुढच्या वेळी ब्लेंडर ती फ्रेम झाली असं समजून सोडून देतो. म्हणून पुन्हा सुरू करण्याआधी फोल्डर आकारानुसार लावा, शून्य बाइटवाल्या फायली उडवा, आणि रेंडर संपल्यावर फायली मोजा: वरच्या ९६ फ्रेमच्या शॉटच्या जादा फ्रेम धरून ११२ भरल्या पाहिजेत. प्रत्येक आवृत्तीला वेगळा फोल्डर द्या, नाहीतर ओव्हरराइट बंद असल्याने नवं रेंडर काहीच करणार नाही.

डिस्कचा अंदाज आधी घ्या. फुल एचडी पीएनजी फ्रेम ३ एमबी धरली तर फिल्मला २६ जीबी. अनेक लेयरची ईएक्सआर (लेयर सुटे साठवणारी चित्राची फाइल) ३० एमबी धरली तर २६० जीबी, तेही एका आवृत्तीचे.

रेंडर पुन्हा काढता येतं. ब्लेंड फायली, आवाज आणि टेक्स्चर नाही. बॅकअप यांचा घ्या: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. क्लाउडचं सिंक हा बॅकअप नव्हे, इथे चुकून उडवलेली फाइल तिथूनही उडते. महिन्यातून एकदा बॅकअपमधला कुठलाही एक शॉट दुसऱ्या मशीनवर, त्याच ब्लेंडर आवृत्तीत उघडून एक फ्रेम रेंडर करून बघा. त्या आवृत्तीचा इन्स्टॉलरही मुख्य फोल्डरमध्ये ठेवून द्या; फिल्म हातावेगळी होईपर्यंत ती बदलायची नाही.