शायनी मॉड्यूल चालत नाही? आधी आयडी बघा, मग कंस

आर या प्रोग्रामिंग भाषेत शायनी पॅकेजने बनवलेलं वेब-अ‍ॅप वाढत गेलं की त्याचे मॉड्यूल, म्हणजे स्वतंत्र तुकडे, पाडा, असा सल्ला सगळेच देतात. पाडल्यावर काय होतं? एरर येत नाही, कन्सोल शांत असतो आणि ड्रॉपडाउन कितीही फिरवला तरी आलेख ढिम्म हलत नाही.

पावसाच्या आकड्यांच्या अ‍ॅपमध्ये माझ्या दोन संध्याकाळी यातच गेल्या. यूआय फंक्शनमध्ये (पानावर काय दिसेल ते ठरवणारा भाग) ‘तालुका’ या आयडीभोवती एनएस (आयडीच्या आधी मॉड्यूलचा आयडी जोडणारं फंक्शन) घालायचं राहिलं होतं, बस. मॉड्यूलचा आयडी ‘पाऊस’, त्यामुळे सर्व्हर (मागे हिशोब करणारा भाग) ‘पाऊस-तालुका’ची वाट बघत होता आणि पानावर होता नुसता ‘तालुका’. म्हणून कोड उपसण्याआधी ब्राउझरमध्ये इन्स्पेक्ट उघडून आयडी वाचा.

सर्व्हरच्या बाजूला नेमकं उलटं. मॉड्यूलसर्व्हर या फंक्शनमध्ये मॉड्यूलचा सर्व्हर भाग लिहितात; त्याच्या आत ड्रॉपडाउन बदलणाऱ्या अपडेट-सिलेक्ट-इनपुटला साधाच आयडी द्यायचा. तिथे एनएस घातलंत तर ‘पाऊस-पाऊस-तालुका’ होतं आणि तेही गुपचूप. अपवाद रेंडर-यूआयचा: तिथे नवा इनपुट बनतो, म्हणून सेशनमधलं एनएस हवंच. अट पूर्ण झाली तरच दिसणाऱ्या कंडिशनल-पॅनेलला एनएस वेगळं द्यावं लागतं, हे तर हमखास विसरतं.

आता कंस. गाळलेला डेटा दुसऱ्या मॉड्यूलला देताना रिअ‍ॅक्टिव्हच्या (इनपुट बदलला की पुन्हा मोजलं जाणारं मूल्य) नावापुढे कंस लावून दिला, तर पहिला आलेख अगदी बरोबर येतो. मग गोठतो. आर आळशी आहे: फंक्शनला दिलेला आर्ग्युमेंट पहिल्यांदा लागेल तेव्हाच मोजतो आणि ते उत्तर धरून ठेवतो. आलेख काढणाऱ्या रेंडर-प्लॉटच्या आत पहिल्या वेळी मोजलं गेलं, तेच पुढे कायम. पहिला आलेख बरोबर असल्यामुळे शंकाही येत नाही, म्हणून ही चूक मला सगळ्यात वाईट वाटते. देताना कंस नको, आत वापरताना कंस लावा. इनपुटमधली किंमत द्यायची असेल तर ती रिअ‍ॅक्टिव्हमध्ये गुंडाळून द्या.

एकच आयडी दोन मॉड्यूलना देऊ नका, हे सांगायला नको. पण कॉपी-पेस्ट करताना होतंच.

जुन्या धड्यांत मॉड्यूलसर्व्हरऐवजी कॉलमॉड्यूल हे आधीचं फंक्शन दिसेल. मॉड्यूलसर्व्हर २०२० मध्ये शायनी १.५.० बरोबर आलं. नव्या कोडात तेच वापरा. दोन्हींची सरमिसळ केलीत तर आयडी आधी की फंक्शन आधी, यातच गोंधळ होतो.