मुंबई-टोकियो: येताना आठ तास, जाताना साडेनऊ

टोकियोतल्या निशी-कासाई भागात भारतातून नवीन बिऱ्हाड आलं की पहिल्या महिन्यातच हा प्रश्न येतो: "येताना आठ तासही लागले नाहीत, मग परतीच्या तिकिटावर साडेनऊ तास कसे?" अंतर दोन्हीकडून तेवढंच, सरळ रेषेत साधारण ६,७५० किलोमीटर. फरक वाऱ्याचा आहे. विमानं उडतात त्या दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, त्यालाच जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात जपानवर त्याचा वेग कधी कधी ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जातो. येताना तो पाठीमागून ढकलतो, जाताना तोंडावर येतो.

गंमत म्हणजे हा वारा आधी मोजला तो इथल्याच माणसाने. टोकियोजवळच्या तातेनो वेधशाळेत वासाबुरो ओइशी १९२०च्या दशकात फुगे सोडून नोंदी घेत होते. जगाने वाचावं म्हणून त्यांनी अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या जागतिक भाषेत लिहिला, आणि जगाने तो वाचलाच नाही!

तुमच्यासाठी याचा अर्थ इतकाच, की डिसेंबर-जानेवारीत गावी जाताना मुंबईहून पुढची पुण्याची किंवा नाशिकची गाडी अगदी काट्यावर धरू नका. मी एकदा धरली होती, आणि दादरच्या फलाटावर बसून वडापाव खाल्ला.

थेट विमान नसेल तर बँकॉक, सिंगापूर किंवा हाँगकाँगमार्गे बारा ते सोळा तास सहज जातात. आणि विमानातले तास म्हणजे प्रवास नव्हे. टोकियोच्या दोन विमानतळांपैकी नारिता शहरापासून साठेक किलोमीटर लांब आहे, हानेदा जवळ. घरी कुणी आजारी पडलं तर "आठ-नऊ तासांत पोचतो" असं सांगू नका. दारापासून दारापर्यंत सोळा-अठरा तास धरा, आणि ते घरच्यांना आजच सांगून ठेवा. संकटाच्या वेळी हा हिशेब कुणालाच सुचत नाही.

जपानचं घड्याळ भारताच्या साडेतीन तास पुढे. दोन्ही देशांत उन्हाळ्यात घड्याळ पुढे करायची पद्धत नाही, त्यामुळे हे वर्षभर बदलत नाही. आईची रात्री नऊची मालिका संपून फोन येतो तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून एक वाजलेला असतो. आमच्याकडे रविवारी दुपारी साडेबाराला फोन ठरलेला आहे. तिकडे नऊ वाजलेले असतात, चहा झालेला असतो. जूनमध्ये इथे साडेचारच्या आतच सूर्य उगवतो, तेव्हा घर लावताना आधी जाड पडदे घ्या, टीव्ही नंतर.

सामानाचं थोडक्यात. ताजा कढीपत्ता, आंबे, झाडाची रोपं घेऊन येऊ नका, ती विमानतळावरच काढून घेतात. मांसाचे पदार्थही तसेच. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं महिन्याभरापेक्षा जास्त आणायची असतील तर निघण्याआधी परवानगी काढावी लागते, आणि सर्दीच्या काही साध्या गोळ्याही इथे चालत नाहीत. घटक तपासून घ्या. जड बॅगा विमानतळावरच्या ताक्क्यूबिन (सामान घरपोच देणारी सेवा) काउंटरवर द्या, बहुधा दुसऱ्या दिवशी घरी येतात. दोन लेकरं आणि चार बॅगा घेऊन सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये चढण्याचं धाडस मी एकदाच केलं. पत्ता ठरला की चौदा दिवसांच्या आत वॉर्ड कार्यालयात नोंदवायचा, तेवढं विसरू नका.